कॉफीचा जागतिक व्यापार आणि आयातीवर विसंबून असणारी राष्ट्रे : जर्मनीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

जागतिक व्यापारातील बहुतेक शेतमाल असा असतो की, जो देश तो खातो तोच देश त्याचा काही भाग पिकवतो. गहू, तांदूळ, साखर, तेलबिया यांच्या बाबतीत आयात ही प्रामुख्याने उणीव भरून काढण्यासाठी केली जाते. कॉफीची गोष्ट वेगळी आहे. कॉफीचे झाड उष्ण कटिबंधाबाहेर व्यापारी तत्त्वावर वाढत नाही. मात्र तिचा सर्वाधिक दरडोई खप थंड हवामानाच्या, विशेषतः उत्तर युरोपीय राष्ट्रांत आहे. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, जर्मनी यांसारखी राष्ट्रे कॉफीसाठी जवळजवळ पूर्णतः आयातीवर विसंबून आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हवाई बेटे आणि पोर्तो रिको येथे थोडी कॉफी पिकते. परंतु देशाच्या गरजेचा ९९ टक्क्यांच्या आसपास भाग बाहेरूनच येतो.

एखाद्या वस्तूसाठी पूर्णपणे परक्या भूमीवर अवलंबून असणे ही दुर्बलता मानली जाते. कॉफीच्या बाबतीत मात्र विपरीत चित्र दिसते. ज्या राष्ट्रांत कॉफीचे एकही झाड नाही, ती या व्यापारातील मूल्याचा मोठा हिस्सा मिळवतात. आणि ज्यांच्या शेतात ती पिकते, त्या राष्ट्रांतील अनेक शेतकरी भाव कोसळताच कर्जात बुडतात. त्याच वेळी, आयातदार राष्ट्र सर्वच परिस्थितीत सुरक्षित असते असेही नाही. एकाच भाषेची, एकाच इतिहासाची दोन जर्मन राष्ट्रे १९७७ साली एकाच भाववाढीला सामोरी गेली आणि त्यांचे अनुभव अगदी भिन्न ठरले. आयातीवरील अवलंबित्व केव्हा दुर्बलता ठरते आणि केव्हा नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या भिन्नतेत सापडते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कॉफीच्या जागतिक व्यापाराची रचना व भावातील तीव्र चढउतारांची कारणे स्पष्ट करणे.
२) आयातीवर विसंबून असणाऱ्या राष्ट्रांच्या धोरणांचा जर्मनीच्या उदाहरणावरून आढावा घेणे.
३) उत्पादक व आयातदार राष्ट्रांमधील मूल्यवाटपाचे स्वरूप तपासणे व त्या संदर्भात भारताचे स्थान पाहणे.

कॉफीच्या व्यापाराची रचना

व्यापारात कॉफीच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. अरेबिका ही मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागातील डोंगराळ जंगलांतली. ती थंड हवेच्या उंच प्रदेशात वाढते, चवीला सौम्य असते आणि तिला भावही अधिक मिळतो. रोबस्टा ही सखल व उष्ण प्रदेशात वाढणारी, रोगाला तुलनेने दाद न देणारी, कडवट व अधिक कॅफिन असणारी जात होय. इन्स्टंट कॉफी व स्वस्त मिश्रणे यांत तिचा वापर मोठा असतो. अलीकडच्या वर्षांत जगाचे वार्षिक उत्पादन ६० किलोच्या सुमारे १७ ते १८ कोटी पोत्यांच्या आसपास आहे. त्यातील एक तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या ब्राझीलचा असतो. व्हिएतनाम दुसऱ्या क्रमांकावर असून कोलंबिया, इंडोनेशिया व इथिओपिया ही अन्य प्रमुख उत्पादक राष्ट्रे आहेत. जगात कॉफीची सुमारे सव्वा कोटी शेते असून त्यांतील बहुसंख्य पाच हेक्टरपेक्षा लहान आहेत.

कॉफी बोंडातून बी काढून, वाळवून, कच्च्या स्वरूपातच तिचा समुद्रमार्गे व्यापार होतो. कच्ची कॉफी योग्य साठवणुकीत अनेक महिने टिकते. भाजलेल्या कॉफीचा स्वाद मात्र काही आठवड्यांतच उतरू लागतो. या साध्या भौतिक कारणामुळे कॉफी भाजण्याचा व्यवसाय मळ्याजवळ न वाढता ग्राहकाजवळ वाढला. पुढे पाहिल्याप्रमाणे मूल्यवाटपातील विषमतेचे एक मूळ येथेच आहे.

भाव ठरण्याची प्रक्रियाही उत्पादकापासून दूर घडते. न्यूयॉर्क येथे १८८२ साली कॉफीचा वायदेबाजार सुरू झाला. आजही अरेबिकाचा संदर्भ भाव न्यूयॉर्कच्या व रोबस्टाचा लंडनच्या वायदेबाजारात ठरतो. प्रत्यक्ष सौदे या भावाच्या वर किंवा खाली अमुक इतका फरक ठेवून होतात. त्यामुळे चिकमंगळूरच्या किंवा होंडुरासच्या शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम ब्राझीलमधील पाऊस, डॉलरचा विनिमय दर आणि सटोडियांची अपेक्षा यांनुसार हलत राहते.

या भावातील चढउतार तीव्र का असतात, याची दोन कारणे संभवतात. पहिले, मागणीची लवचीकता अल्प आहे. सवयीचे पेय महागले तरी ग्राहक ते लगेच सोडत नाही आणि स्वस्त झाले म्हणून दुप्पट पीतही नाही. दुसरे, पुरवठा सावकाश बदलतो. नवे झाड लावल्यावर पीक मिळण्यास तीन-चार वर्षे लागतात. भाव चढला की अनेक देशांत एकाच वेळी लागवड वाढते. ती फळाला येते तेव्हा बाजारात आवक उसळते आणि भाव कोसळतो. भाव पडला तरी बहुवर्षायू झाड शेतकरी सहजासहजी उपटत नाही. म्हणून मंदी दीर्घकाळ रेंगाळते. त्यात ब्राझीलमधील हिमतुषार किंवा अवर्षण यांसारख्या घटनेची भर पडली की भावाचा उसळता टप्पा येतो.

जर्मनी : अवलंबित्वाची दीर्घ परंपरा

जर्मन राज्यकर्त्यांना कॉफीच्या आयातीची चिंता अठराव्या शतकापासूनच होती. देशातील सोनेचांदी परदेशी मालापायी बाहेर जाऊ नये, हा व्यापारवादी अर्थविचार त्या काळी प्रबळ होता. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७८१ मध्ये कॉफी भाजण्याचा एकाधिकार राज्याकडे घेतला आणि चोरून कॉफी भाजणाऱ्यांचा वासावरून शोध घेण्यासाठी माणसे नेमली. त्यांना लोक ‘कॉफी हुंगणारे’ म्हणत. प्रजेने बिअर प्यावी, अशी राजाची इच्छा होती. तिचा परिणाम मर्यादितच राहिला. परंतु चिकोरीसारख्या पर्यायी वस्तूंचा उद्योग मात्र जर्मनीत रुजला. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडविरुद्ध व्यापारबंदी लादल्यावर त्याला अधिकच चालना मिळाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र बदलले. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन ही बंदरे कॉफीच्या व्यापाराची केंद्रे झाली. हॅम्बुर्गचा कॉफी बाजार १८८७ मध्ये सुरू झाला. ग्वाटेमालाच्या आल्टा व्हेरापास प्रदेशात जर्मन मळेवाले स्थिरावले. याच काळात प्रक्रिया आणि तंत्रज्ञान यांतही जर्मन उद्योजक पुढे आले. कॅफिन हा घटक प्रथम वेगळा केला तो फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ च्या सुमारास. ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस याने कॅफिनविरहित कॉफीचा औद्योगिक व्यवसाय १९०६ मध्ये उभारला, तर ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये कागदी गाळणीची नोंदणी केली. ज्या देशात कॉफी पिकत नाही त्या देशाने तिच्याभोवतीचे ज्ञान, यंत्रे व नाममुद्रा स्वतःकडे घेण्याची ही प्रक्रिया होय.

दोन महायुद्धांत समुद्रमार्ग बंद होताच हे सारे वैभव निरुपयोगी ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कॉफी पुन्हा येऊ लागली, तेव्हा सरकारने तिच्यावर किलोमागे १० मार्कांचा भारी कर बसवला. परिणामी बेल्जियमच्या सीमेवर, आखेन शहराच्या परिसरात कॉफीची प्रचंड चोरटी आयात सुरू झाली. त्यात युद्धोत्तर दारिद्र्याने गांजलेली मुलेही ओढली गेली आणि सीमारक्षकांच्या गोळीबारात माणसे दगावली. श्मिट या गावातील उद्ध्वस्त चर्चच्या पुनर्बांधणीला चोरट्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांचा हातभार लागला, म्हणून लोक त्याला ‘संत मोक्का’ म्हणू लागले. १९५३ मध्ये कर मोठ्या प्रमाणात उतरवल्यावर हा चोरटा व्यापार ओसरला. लोकांच्या सवयीची वस्तू करांच्या भिंतीने अडवता येत नाही, हा धडा पश्चिम जर्मनीला असा मिळाला.

एक हिमतुषार, दोन राष्ट्रे

जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात अभूतपूर्व हिमतुषार पडले. तेथील कॉफीची बहुतांश झाडे करपली आणि पुढील हंगामात त्या राज्याचे पीक जवळजवळ शून्यावर आले. त्याच सुमारास अंगोलात यादवी युद्ध पेटले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये ग्वाटेमालात मोठा भूकंप झाला. या घटनांच्या एकत्रित परिणामामुळे १९७५ च्या मध्यास पौंडाला ६०-६५ सेंटच्या घरात असलेला भाव १९७७ च्या वसंतात तीन डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे दोन वर्षांत तो सुमारे पाचपट झाला.

पश्चिम जर्मनीत या भाववाढीचा अर्थ इतकाच होता की दुकानात कॉफी महाग मिळू लागली. मार्क हे चलन जगभर स्वीकारले जात असल्याने व्यापाऱ्यांना माल मिळवण्यात अडचण आली नाही. पूर्व जर्मनीची स्थिती वेगळी होती. तेथे किरकोळ भाव सरकार ठरवत असे आणि तो स्थिर ठेवणे हा राजकीय वचनाचा भाग होता. कच्ची कॉफी मात्र डॉलर वा तत्सम परिवर्तनीय चलनात घ्यावी लागे आणि ते चलन त्या देशाकडे नेहमीच अपुरे असे. एरवी वर्षाला सुमारे १५ कोटी व्यापारी मार्क लागत. १९७७ मध्ये तीच गरज भागवण्यास सुमारे ७० कोटी मार्क लागतील असे दिसू लागले. तेलाच्या भाववाढीने आधीच वाकलेल्या तिजोरीला हा भार झेपणारा नव्हता.

सरकारने स्वस्त प्रकारची कॉफी बाजारातून काढून घेतली, कार्यालयांतील कॉफीवर निर्बंध घातले आणि ‘काफे मिक्स’ नावाचे नवे मिश्रण आणले. त्यात ५१ टक्के कॉफी होती. उरलेला भाग चिकोरी, राय, वाटाण्याचे पीठ, बीट इत्यादींचा होता. लोकांनी त्याला राष्ट्रप्रमुख एरिख होनेकर यांच्या नावावरून ‘एरिखचा मुकुट’ असे उपरोधिक नाव दिले. पश्चिमेकडील एका लोकप्रिय कॉफीच्या नावावरची ती कोटी होती. उपाहारगृहांतील यंत्रांत वाटाण्याचे पीठ फुगून गाळण्या तुंबत. सरकारकडे तक्रारींचा पाऊस पडला. भाषण आणि संचार यांवरील बंधने निमूट सोसणाऱ्या समाजाने कॉफीच्या बाबतीत उघड नाराजी दाखवली, ही घटना राज्यकर्त्यांना अस्वस्थ करणारी होती. पश्चिमेकडील नातेवाईक पार्सलांतून कॉफी पाठवत. पूर्व जर्मनीतील एकूण खपाचा लक्षणीय हिस्सा अशा भेटींतून भागत असे. कॉफीच्या त्या पुड्यामुळे दोन व्यवस्थांमधील अंतर दर आठवड्याला स्वयंपाकघरात दिसत राही.

चलनाशिवाय कॉफी मिळवण्यासाठी पूर्व जर्मनीने वस्तुविनिमयाचा मार्ग धरला. १९७७ मध्ये इथिओपियाशी करार झाला; शस्त्रे व अन्य सामग्रीच्या बदल्यात कॉफी घेण्याचे ठरले. परंतु इथिओपियालाही परकीय चलनाची निकड होती आणि कॉफी हेच त्याचे मुख्य साधन होते. त्यामुळे ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. १९७८ मध्ये जागतिक भाव उतरल्यावर संकटाची धार बोथट झाली, तरी मूळ प्रश्न सुटला नव्हता.

व्हिएतनाम : एका टंचाईचे दूरगामी फळ

पूर्व जर्मनीने १९८० मध्ये व्हिएतनामशी कॉफी लागवडीचा करार केला. मध्य उच्चप्रदेशातील डाक लाक प्रांतात नवे मळे, सिंचन, रस्ते, निवासस्थाने, दवाखाने व जलविद्युत प्रकल्प यांसाठी यंत्रे आणि तज्ज्ञ पुरवण्यात आले. मोबदल्यात पुढील २० वर्षे पिकाचा निम्मा हिस्सा पूर्व जर्मनीला मिळणार होता. हे मळे भरास येईपर्यंत १९९० साल उजाडले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला पूर्व जर्मनी हे राष्ट्र अस्तित्वातून नाहीसे झाले.

व्हिएतनामची कॉफी मात्र वाढतच गेली. १९८६ च्या ‘दोई मोई’ सुधारणांनंतर शेतकऱ्यांना जमीन कसण्याचे व विक्रीचे स्वातंत्र्य मिळाले आणि १९९० च्या दशकात उत्पादन सुमारे आठ-नऊ पटींनी वाढले. शतकाच्या अखेरीस व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल जगातील दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक ठरला. या वाढीचे सर्व श्रेय जर्मन मदतीला देता येणार नाही. आर्थिक सुधारणा, स्थलांतर व चढे भाव यांचा वाटा अधिक होता. तसेच या विस्ताराची किंमत उच्चप्रदेशातील जंगलांनी व तेथील मूळ वांशिक समूहांनी मोजली, हेही नोंदवणे आवश्यक आहे. एका आयातदार राष्ट्राच्या टंचाईने जगाच्या दुसऱ्या टोकाला उत्पादनवाढीस हातभार लावला आणि त्याचा लाभ अखेर एकत्रित जर्मनीच्या भाजणी उद्योगाला खुल्या बाजारातून मिळाला.

कोटा पद्धतीचा उदय व अस्त

भावातील चढउतार आवरण्याचा सर्वात मोठा सामूहिक प्रयत्न म्हणजे १९६२ चा आंतरराष्ट्रीय कॉफी करार. त्यानुसार १९६३ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय कॉफी संघटना स्थापन झाली. उत्पादक राष्ट्रांना निर्यातीचे कोटे ठरवून देण्यात आले. आयातदार राष्ट्रांनी, म्हणजे ज्यांना स्वस्त कॉफी हवी होती त्यांनीच, भाव चढे ठेवणाऱ्या करारावर सही केली, हे वरकरणी नवल वाटते. त्याचे कारण राजकीय होते. क्यूबातील क्रांतीनंतर लॅटिन अमेरिकेत दारिद्र्यातून साम्यवाद फोफावू नये, अशी अमेरिकेची इच्छा होती. कॉफीचा स्थिर भाव हे त्यासाठीचे एक साधन होते.

शीतयुद्ध ओसरू लागले तसे हे कारण उरले नाही. करारात नसलेल्या राष्ट्रांना उत्पादक कमी भावाने माल विकत आणि तो माल पुन्हा सदस्य राष्ट्रांत शिरे. कोट्यांच्या वाटपावरूनही मतभेद वाढले. जुलै १९८९ मध्ये कोटे स्थगित झाले आणि भाव अल्पावधीत जवळजवळ निम्म्यावर आले. १९९३ मध्ये अमेरिका संघटनेतून बाहेर पडली. २००५ मध्ये परतली आणि २०१८ मध्ये पुन्हा बाहेर पडली.

खुल्या बाजाराचे सर्वात कठोर रूप २००१-०२ मध्ये दिसले. संघटनेचा सरासरी निर्देशक भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. मध्य अमेरिकेत मजुरांची उपासमार झाली, इथिओपियात शेतकऱ्यांनी कॉफी उपटून अन्य पिके लावली आणि भारतातही लहान बागायतदार कर्जबाजारी झाले. याच काळात आयातदार राष्ट्रांतील कॉफीचा किरकोळ व्यापार वाढत होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी जगातील किरकोळ विक्री सुमारे ३० अब्ज डॉलर होती व उत्पादक राष्ट्रांना निर्यातीतून १० ते १२ अब्ज डॉलर मिळत; २००० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत विक्री ७० अब्ज डॉलरच्या घरात गेली आणि उत्पादक राष्ट्रांच्या हाती जेमतेम साडेपाच अब्ज डॉलर उरले.

मूल्य कोठे राहते?

अमेरिकेनंतर जर्मनी हा कच्च्या कॉफीचा जगातील सर्वात मोठा आयातदार देश आहे. त्याची वार्षिक आयात दहा लाख टनांहून अधिक आहे. मात्र ही सारी कॉफी जर्मन नागरिक पीत नाहीत. मोठा भाग भाजून, कॅफिन काढून किंवा इन्स्टंट स्वरूपात अन्य राष्ट्रांना विकला जातो. स्वित्झर्लंडचे उदाहरण अधिकच बोलके आहे. त्या देशाची कॉफीची निर्यात मूल्याने त्याच्या चॉकलेट व चीज या दोन्ही सुप्रसिद्ध निर्यातींपेक्षा मोठी आहे.

या स्थितीस आयात शुल्काची रचनाही कारणीभूत आहे. युरोपीय संघात कच्च्या कॉफीवर आयात शुल्क नाही. भाजलेल्या कॉफीवर सर्वसाधारण दर ७.५ टक्के आहे. अनेक गरीब राष्ट्रांना सवलती मिळतात, त्यामुळे शुल्क हा एकमेव अडथळा म्हणता येणार नाही. भाजलेल्या कॉफीचे अल्प आयुष्य, निरनिराळ्या देशांच्या कॉफीचे मिश्रण करण्याची गरज, भांडवल, जाहिरात आणि मोठ्या दुकानसाखळ्यांशी असलेले संबंध ही कारणे अधिक प्रबळ आहेत. मिश्रण करणारा व्यापारी एका देशाचा माल महागल्यास दुसऱ्या देशाचा वापरू शकतो. उत्पादकाकडे असा पर्याय नसतो. सौदा करण्याची ताकद त्यामुळे खरेदीदाराकडे झुकते.

मूल्यवाटपातील आणखी एक वाटेकरी म्हणजे खुद्द सरकार. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २.१९ युरो कॉफी कर आहे व त्यातून वर्षाला सुमारे एक अब्ज युरो महसूल मिळतो. २००२ च्या सरासरी निर्देशक भावाने एक किलो भाजलेली कॉफी तयार करण्यास लागणाऱ्या कच्च्या मालाची किंमत सव्वा डॉलरच्या आसपास येत होती. म्हणजे त्या वर्षी जर्मन सरकारचा कर हा कच्च्या कॉफीच्या किमतीच्या दीडपटीहून अधिक होता. शेतकरी, व्यापारी आणि तिजोरी यांच्यातील वाट्याचे हे प्रमाण कोणत्याही भाषणापेक्षा अधिक स्पष्ट बोलते.

या विषमतेला उत्तर म्हणून न्याय्य व्यापाराची चळवळ उभी राहिली. नेदरलँड्समध्ये १९८८ साली ‘माक्स हावेलार’ हे पहिले चिन्ह वापरात आले. धुतलेल्या अरेबिकासाठी फेअरट्रेडचा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर करण्यात आला. भाव कोसळतात तेव्हा ही तळरेषा उपयोगी पडते. परंतु अशा चिन्हाखाली विकली जाणारी कॉफी एकूण व्यापारात अल्प असल्याने तिचा प्रभाव मर्यादित राहतो.

अन्य आयातदार राष्ट्रांचे अनुभव

आयातीवरील अवलंबित्व हाताळण्याच्या पद्धती राष्ट्रागणिक भिन्न आहेत. फिनलंडमध्ये १९३९ च्या शरद ऋतूत कॉफीचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि युद्ध संपल्यावरही ते चालू राहिले. १९५४ मध्ये ते उठले. शिधापत्रिकेवरून मुक्त होणारी ती शेवटची अन्नवस्तू होती. स्वित्झर्लंडने आपत्कालीन साठ्याचा मार्ग स्वीकारला असून आयातदारांना सुमारे तीन महिन्यांचा कॉफीसाठा ठेवणे बंधनकारक आहे. कॉफीतून शरीराला ऊर्जा मिळत नाही, म्हणून ती जीवनावश्यक नाही, या कारणास्तव २०१९ मध्ये हा साठा रद्द करण्याचा प्रस्ताव आला. तीव्र विरोधानंतर तो बाजूला ठेवण्यात आला. जीवनावश्यक वस्तू कोणती, हे केवळ आहारशास्त्र ठरवत नाही, समाजाची सवयही ठरवते, हे यावरून स्पष्ट होते.

अमेरिकेचा २०२५ चा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. ब्राझील व व्हिएतनाममधील प्रतिकूल हवामानामुळे न्यूयॉर्कचा भाव डिसेंबर २०२४ मध्ये १९७७ चा उच्चांक ओलांडून गेला होता आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो चार डॉलरच्या वर पोहोचला. अशा वेळी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लादले व त्यात कॉफीचा समावेश होता. अमेरिकेच्या कॉफी आयातीचा सुमारे एक तृतीयांश भाग ब्राझीलमधून येतो. आयात शुल्काचा पारंपरिक हेतू देशी उत्पादकाला संरक्षण देणे हा असतो; येथे संरक्षण देण्याजोगा देशी उत्पादक जवळजवळ नव्हताच. भार ग्राहकावर व भाजणी उद्योगावर पडला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉफीवरील हे शुल्क मागे घ्यावे लागले.

भारताचे स्थान

बाबा बुडन या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आज देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. केरळ व तमिळनाडू ही अन्य प्रमुख राज्ये होत. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे अल्प प्रमाणात कॉफी होते. भारतीय उत्पादनात रोबस्टाचा वाटा मोठा असून बहुतांश पीक निर्यात होते. इटली, जर्मनी व रशिया हे महत्त्वाचे खरेदीदार आहेत.

१९४२ च्या कॉफी कायद्याने कॉफी मंडळाला सर्व माल एकत्र करून विकण्याचा अधिकार दिला होता. त्या काळात सोव्हिएत संघ रुपयातील व्यवहाराने भारतीय कॉफी घेत असे. कोटा पद्धती व सोव्हिएत संघ हे दोन्ही आधार १९८९ ते १९९१ या अल्प काळात कोसळले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत विक्री टप्प्याटप्प्याने मुक्त करण्यात आली. २०२१-२२ मध्ये भारताची कॉफी निर्यात प्रथमच एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. यात लक्षणीय बाब अशी की, भारतीय कंपन्या बाहेरून स्वस्त रोबस्टा आयात करून तिची इन्स्टंट कॉफी बनवतात आणि पुन्हा निर्यात करतात. जर्मनीने शतकभर अवलंबलेला मार्ग एका उत्पादक राष्ट्राने अंशतः स्वीकारल्याचे हे उदाहरण आहे.

बदलती परिस्थिती

येत्या काळात आयातदार राष्ट्रांपुढे तीन प्रश्न आहेत. पहिला हवामानाचा. वाढत्या तापमानामुळे या शतकाच्या मध्यापर्यंत अरेबिकाला अनुकूल क्षेत्र निम्म्यापर्यंत घटू शकते, असे अंदाज काही अभ्यासांत मांडले आहेत. रोग व हवामान मिळून एका प्रदेशाचे पीक कसे संपवू शकतात, याचा दाखला इतिहासात आहे : १८६९ मध्ये श्रीलंकेत कॉफीवर तांबेरा पडला आणि काही दशकांतच तो देश चहाकडे वळला. दुसरा प्रश्न समुद्रमार्गांचा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर आशिया व पूर्व आफ्रिकेची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात न्यावी लागली. तिसरा प्रश्न नियमनाचा. युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार जंगलतोड झालेल्या जमिनीवरील कॉफी आयात करता येणार नाही व प्रत्येक मालाच्या शेताचे भौगोलिक स्थान द्यावे लागेल. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलण्यात आली आहे. उद्देश योग्य असला तरी, एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याकडे अशा नोंदी नसतात. नियम पाळण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे न ठरल्यास मोठे मळे टिकतील आणि लहान शेतकरी बाजाराबाहेर जातील, ही भीती निराधार नाही.

निष्कर्ष

१) आयातीवरील पूर्ण अवलंबित्व स्वतःहून दुर्बलता ठरत नाही. परिवर्तनीय चलन, बंदरे, प्रक्रिया उद्योग आणि अनेक पुरवठादारांमधून निवड करण्याची मुभा असल्यास तेच अवलंबित्व उत्पन्नाचे साधन बनते. पश्चिम जर्मनी व स्वित्झर्लंड ही त्याची उदाहरणे होत. या गोष्टींचा अभाव असल्यास पूर्व जर्मनीप्रमाणे एका पिकाच्या भावाने राज्यव्यवस्थेचे वचन उघडे पडते.

२) करबंदी, एकाधिकार, पर्यायी मिश्रण किंवा आयात शुल्क यांनी कॉफीची मागणी दडपण्याचे बहुतेक प्रयत्न अपयशी ठरले आहेत. सवयीच्या वस्तूबाबत साठा व पुरवठ्याचे वैविध्य हे उपाय अधिक परिणामकारक दिसतात.

३) भावातील जोखमीचा भार समान वाटला जात नाही. भाव चढतो तेव्हा ग्राहकाला काही पैसे अधिक मोजावे लागतात. भाव पडतो तेव्हा शेतकऱ्याच्या मुलांची शाळा सुटते. कोटा पद्धती सदोष होती, तरी हा भार वाटून घेण्याची ती एक रीत होती. तिच्या जागी तितक्या व्याप्तीची दुसरी व्यवस्था आलेली नाही.

४) हवामानबदलामुळे अवलंबित्वाचा अर्थ बदलत आहे. आजवर खरेदीदार एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे वळू शकत होता. अनेक देशांत एकाच वेळी पीक घटले तर हा पर्याय उरणार नाही. भाजणी उद्योगाचे, बंदरांचे आणि कराच्या महसुलाचे भवितव्य अशा वेळी डाक लाक, मिनास जेराइस व कोडगू येथील शेतकरी पुढचे झाड लावतो की नाही यावर ठरेल. त्या शेतकऱ्याला परवडेल असा भाव देणे ही आयातदार राष्ट्रांच्या दृष्टीने उदारतेची बाब राहिलेली नसून स्वतःच्या पुरवठ्याची तरतूद झाली आहे.